निळा डाग आणि हिरवे रक्त : हिंसा व लैंगिकता यांच्या परिनिरीक्षणातील दुहेरी मापदंड

प्रास्ताविक

कलाकृतीतील हिंसा आणि लैंगिकता या दोहोंकडे पाहण्याची समाजाची दृष्टी सारखी नसते, हे विधान आता नवे राहिलेले नाही. चित्रपट, नाटक, दूरचित्रवाणी मालिका यांच्या संदर्भात ते अनेकदा केले गेले आहे आणि संगणकीय व मोबाईलवरील खेळांच्या संदर्भातही केले जाते. तथापि, बहुतेक वेळा हा विचार पाश्चात्त्यांच्या ढोंगीपणाचा नमुना म्हणून मांडला जातो आणि आपण त्यातून अलगद बाजूला राहतो. प्रस्तुत लेखाची भूमिका थोडी वेगळी आहे. हा दुहेरी मापदंड मराठी रंगभूमीवर १९७० साली अतिशय ठळकपणे दिसला होता आणि २०२१ साली भारतात आलेल्या एका मोबाईल खेळात तो जवळजवळ त्याच रूपात पुन्हा दिसला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असता परिनिरीक्षण नेमके कशाला बिचकते, याचा काही उलगडा होतो असे वाटते.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त वर्गात घडले. सोलापुरातील आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला 'गिधाडे' शिकवताना प्रस्तुत लेखिकेने त्या नाटकाच्या प्रयोगातील निळ्या डागाची हकिकत सांगितली. नेहमीप्रमाणे वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी मात्र चटकन म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या बीजीएमआयसारखंच झालं की. त्यात पण रक्त हिरवं असतंय." त्याने सहज केलेली ही तुलना इतकी नेमकी होती की तिचा पाठपुरावा करणे भाग पडले.

'गिधाडे' : लाथ आणि डाग

विजय तेंडुलकर यांचे 'गिधाडे' हे नाटक १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. पितळे कुटुंबातील बाप, दोन मुलगे, मुलगी आणि काका यांच्यात पैशावरून चाललेली लचकेतोड हा या नाटकाचा विषय आहे. मुलगे बापाला मारहाणीने धाकात ठेवतात आणि बहीण माणिक हिच्या प्रियकराकडून पैसे उकळण्याचा बेत रचतात. तो बेत फसल्यावर, तिच्या पोटातील गर्भ नको म्हणून, ते तिच्या पोटात लाथा घालतात. त्यानंतर माणिक प्रेक्षकांसमोर येते ती साडीवर रक्ताचा डाग घेऊन.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने या नाटकातील भाषेला हरकती घेतल्या, कापण्या सुचवल्या. परंतु मराठी नाट्येतिहासात कायमची नोंद झाली ती डागाच्या हरकतीची. साडीवरचा लाल डाग मंडळाला मान्य नव्हता. अखेर प्रयोगात तो डाग निळा दाखवण्यात आला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सूचना देण्यात आली की, दिसणारा निळा डाग त्यांनी लाल समजावा.

ही हकिकत आपण सारेच गंमत म्हणून सांगतो. प्रस्तुत लेखिकेनेही ती कित्येक वर्षे तशीच सांगितली. विद्यार्थी हसतात, सेन्सॉरची फजिती झाल्याचे समाधान मिळते आणि तास पुढे सरकतो. मात्र या हसण्यात मूळ प्रश्न निसटतो. मंडळाच्या हरकतीचे केंद्र डाग हे होते. त्या डागामागची लाथ नव्हे. सख्खे भाऊ गर्भवती बहिणीच्या पोटात लाथा घालतात ही घटना नाटकात राहिली आणि तिचा पुरावा तेवढा रंग बदलून आला. वस्तुतः डागाने कोणाला इजा होत नाही, इजा लाथेने होते. मग हरकत उलट्या बाजूला का पडावी?

रक्ताचे वावडे होते म्हणावे तर तसेही दिसत नाही. ऐतिहासिक नाटकांतील जखमी मावळ्याच्या अंगरख्यावरचा लाल रंग आपल्या प्रेक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने पाहिला आहे. छातीवरचे रक्त चालते. साडीवरचे, आणि तेही त्या ठिकाणचे, चालत नाही. म्हणजे माणिकच्या साडीवरील डाग मंडळाने हिंसेची खूण म्हणून वाचलाच नाही. त्याने तो गर्भाशयाची, विटाळाची, स्त्रीच्या लैंगिक अस्तित्वाची खूण म्हणून वाचला. मराठी घरातील मुलगी वयात येते तेव्हा तिला मिळणारी पहिली शिकवण डाग लपवण्याची असते. बाहेर पडताना मैत्रिणीला हळूच "मागे बघ गं" म्हणून विचारणे, साडीच्या निऱ्या पुन्हा सारख्या करणे, दोरीवर कापड दुसऱ्या कापडाखाली वाळत घालणे, हे सारे त्या शिकवणीचेच भाग. बाजूला बसण्याची प्रथा शहरांत बरीच सैल झाली. परंतु डागाची लाज गेलेली नाही. परिनिरीक्षण मंडळाने केले ते एवढेच की, घरातील हा अलिखित नियम सरकारी शिक्क्यानिशी रंगमंचाला लावला.

माणिकचा डाग एकाच वेळी हिंसेचा आणि लैंगिकतेचा आहे. या दोन गोष्टी ज्या बिंदूवर एकमेकींत मिसळतात, तिथेच तेंडुलकरांनी प्रेक्षकाला उभे केले. मंडळाच्या दृष्टीला त्यातील एकच गोष्ट दिसली. हिंसा व लैंगिकता यांतील कोणती गोष्ट अधिक घातक, अशा तराजूच्या रूपात आपण हा प्रश्न मांडतो, ती मांडणीच त्यामुळे अपुरी वाटू लागते. तराजूत काही ठेवण्यापूर्वीच स्त्रीदेहाशी संबंधित सारे 'लैंगिक' या पारड्यात गेलेले असते, आणि तिला झालेली मारहाण वजनाला येतच नाही.

मंडळाची बाजूही विचारात घ्यावयास हवी. नाटक जिवंत नटांकडून, समोर बसलेल्या कुटुंबांसमोर घडते. वाचनापेक्षा त्याचा आघात मोठा असतो, हे नाकारता येत नाही. मात्र आघात हा निकष धरला तर प्रथम लाथ जावयास हवी होती.

'कीचकवध' ते 'सखाराम बाइंडर'

हिंसेविषयी आपले परिनिरीक्षण नेहमीच इतके उदार होते असे मात्र नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. या नाटकात स्त्रीची विटंबना आहे, कीचकाची वासना आहे. पण सरकारला त्यांचे भय नव्हते. भय होते ते वधाचे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यामागील दृष्टी मुख्यतः राज्यकर्त्याच्या सुरक्षिततेची होती आणि हिंसा तिला धोकादायक वाटे ती वरच्या दिशेने रोखलेली असेल तेव्हा. त्याच राजवटीत र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते. तिथे प्रश्न शरीराविषयी साध्या भाषेत माहिती देण्याचा होता, आणि तो गुन्हा ठरत होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ता बदलला, त्यामुळे पहिले भय ओसरले. दुसरे मात्र तसेच पुढे चालत आले. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' या तेंडुलकरांच्याच नाटकाचे प्रकरण घडले. मंडळाच्या कारवाईमुळे प्रयोग अडले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. या नाटकात सखाराम घरी आणलेल्या बायकांना मारतो आणि शेवटी चंपाचा गळा दाबून खून करतो. तरीही समाजात जो गदारोळ झाला त्याचा रोख होता तो विवाहसंस्थेच्या अवहेलनेकडे, शिवराळ भाषेकडे आणि चंपा रंगमंचावर साडी बदलते याकडे. चंपाची भूमिका करणाऱ्या लालन सारंग यांना त्याची झळ व्यक्तिशः सोसावी लागली. खून झाला म्हणून नाटक बंद करा, असा मोर्चा निघाला नाही.

न्यायालयांनी या बाबतीत मंडळांपेक्षा अधिक समज दाखवली, हे येथे नमूद केले पाहिजे. चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवरील खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. पुढील वर्षी, म्हणजे 'गिधाडे' रंगमंचावर आले त्याच १९७० साली, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात न्यायालयाने पूर्व-परिनिरीक्षण वैध मानले, परंतु लैंगिकता आणि अश्लीलता या एक नव्हेत हेही बजावले. त्यांच्या अनुबोधपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये मंडळाला खटकली होती. १९९६ मध्ये 'बँडिट क्वीन' संबंधीच्या निकालात, फूलनच्या नग्न धिंडीचे दृश्य वासना चाळवण्यासाठी नसून प्रेक्षकाच्या मनात किळस व संताप निर्माण करण्यासाठी आहे, असे न्यायालयाने मानले आणि प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र कायम ठेवले. दृश्यात काय दिसते यापेक्षा ते कोणत्या बाजूने उभे आहे, हा विचार त्यात आहे. 'गिधाडे'च्या वाट्याला तो आला नाही. नाटकाच्या संहितेचे पूर्व-परिनिरीक्षणही पुढे चालूच राहिले. २०१६ मध्ये अमोल पालेकर यांनी त्या नियमांनाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

खेळांचे जग

आता त्या विद्यार्थ्याच्या हिरव्या रक्ताकडे वळू. संगणकीय खेळांच्या इतिहासात रक्ताचा रंग बदलण्याची युक्ती जुनी आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या खेळाची निन्टेंडो कंपनीच्या यंत्रासाठीची आवृत्ती १९९३ मध्ये आली तेव्हा तीत रक्ताऐवजी करड्या रंगाचा घाम उडत असे. 'कार्मागेडन' या पादचाऱ्यांना मोटारीखाली चिरडण्याच्या खेळाला १९९७ मध्ये ब्रिटनमधील मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. तेव्हा पादचाऱ्यांच्या जागी हिरव्या रक्ताची चालती प्रेते घालून तो विक्रीस आला आणि अपिलानंतर मूळ रूपही मान्य झाले. चिरडणे दोन्हींत सारखेच होते.

अमेरिकेतील २००५ चे प्रकरण याहून बोलके आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या खेळात खेळणारा रस्त्यावरील कोणालाही गोळी घालू शकतो, चिरडू शकतो, लुटू शकतो. खेळउद्योगाने स्वतःच १९९४ मध्ये स्थापन केलेल्या मंडळाने त्याला सतरा वर्षांवरील वयोगटाचे मानांकन दिले होते. नंतर उघडकीस आले की, या खेळाच्या आज्ञावलीत नायक व त्याची मैत्रीण यांच्या शरीरसंबंधाचा एक भाग दडलेला आहे. निर्मात्यांनी तो बंद करून ठेवला होता, पण बाहेरच्या एका जाणकाराने त्याची वाट खुली केली. यावरून मोठे वादळ उठले. मंडळाने मानांकन बदलून 'केवळ प्रौढांसाठी' केले, म्हणजे वयाची अट सतरावरून अठरावर गेली, आणि मोठ्या दुकानांनी तो खेळ फळ्यांवरून काढून टाकला. तो भाग वगळलेली आवृत्ती आल्यावर जुने मानांकन परत मिळाले. हजारो काल्पनिक खुनांनी जे झाले नाही, ते दोन प्रौढ पात्रांच्या परस्परसंमत संबंधाने झाले.

कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी अल्पवयीनांना अतिहिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कायदा केला. २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. बहुमताचे म्हणणे असे की, मुलांपासून लैंगिक साहित्य दूर ठेवण्याची परंपरा त्या देशात आहे, हिंसा दूर ठेवण्याची नाही. ग्रिम बंधूंच्या परीकथाही क्रूरच आहेत. (आपल्या आजीच्या गोष्टीतही नृसिंह हिरण्यकशिपूचे पोट फाडतोच, आणि मुले ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात. हा युक्तिवाद अगदी पोकळ नाही.) न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी मात्र भिन्नमतपत्रात या निकालाची विसंगती उघडी केली. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र असलेले मासिक विकणे हा गुन्हा. पण ज्या खेळात तो मुलगा स्वतः त्या स्त्रीला बांधतो, तिचे तोंड दाबतो, छळ करून मारतो, तो खेळ विकता येतो. तिला विवस्त्र दाखवले तरच कायदा मुलाच्या रक्षणाला धावणार का, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय होता.

भारतात खेळांसाठी चित्रपटांसारखे वैधानिक प्रमाणन मंडळ नाही, त्यामुळे येथे वादाचे स्वरूप वेगळे राहिले. 'पबजी मोबाईल'च्या विरोधात पालकांची ओरड होती, २०१९ मध्ये गुजरातेत काही ठिकाणी पोलिसांनी खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली; परंतु सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली ती देशाच्या सुरक्षिततेच्या आणि माहितीच्या गोपनीयतेच्या कारणाने. २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा आला, त्याचा मुख्य रोखही पैसे लावून खेळण्यावर होता. हिंसेचा प्रश्न कायद्याच्या दारात आलाच नाही.

जुलै २०२१ मध्ये हाच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने भारतासाठी वेगळा घडवून आणला गेला. या आवृत्तीतील बदल पाहण्यासारखे आहेत. मूळ खेळात पात्र आरंभी अंतर्वस्त्रांवर दिसे. भारतीय आवृत्तीत ते पूर्ण कपड्यांत आले. रक्त हिरवे झाले. 'ठार केले' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'संपवले' असा शब्द आला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी रोजच्या वेळेची मर्यादा आली, ती स्वागतार्हच आहे. खेळ मात्र तोच राहिला. शंभर जण एका भूमीवर उतरतात आणि बाकी सारे मेल्यावर शेवटचा जिंकतो.

हे बदल निर्मात्यांनी आधीच करून आणले होते. कोणत्याही मंडळाने 'कपडे घाला, रंग बदला' असे फर्मान काढले नव्हते. भारतीय पालकाला आणि शासनाला काय खटकेल याचा अंदाज एका कोरियन कंपनीने बांधला आणि तो अचूक ठरला. आपण कशाला हरकत घेऊ आणि कशाला घेणार नाही, हे बाहेरच्या माणसाला आपल्याहून स्पष्ट दिसले असेल, तर ते अस्वस्थ करणारे आहे.

तथापि, निळा डाग आणि हिरवे रक्त या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो त्या विद्यार्थ्याला वर्गात समजावून सांगणे प्रस्तुत लेखिकेला जड गेले. निळ्या डागाबरोबर सूचना होती. तो लाल समजा, असे सांगितल्याने प्रेक्षकाला लाल रंग स्वतःच्या मनात निर्माण करावा लागे. कदाचित रंगमंचावरच्या लाल डागापेक्षा तो अधिक गडद होत असेल. शिवाय तो डाग का निळा झाला, हेही त्याला कळे; म्हणजे परिनिरीक्षणाचा हात नाटकाच्या आत दिसत राही. हिरव्या रक्तासोबत अशी कोणतीही सूचना नाही. ते लाल समजावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. उलट ते रक्त आहे हेच विसरले जावे, यासाठी ते हिरवे आहे. पहिल्यात हिंसेची जाणीव वाढते, दुसऱ्यात ती धुऊन निघते. म्हणून दोन्ही ठिकाणी सेन्सॉरने मारहाण तशीच ठेवली हे खरे असले, तरी त्या मारहाणीचे प्रेक्षकाच्या मनात पुढे काय झाले, हे सारखे नाही.

यावर असे विचारले जाईल की, मग मागणी तरी काय आहे? हिंसेला कात्री लावा, की लैंगिकतेची मोकळीक वाढवा? प्रस्तुत लेखिकेला यांपैकी कोणतीही मागणी सरसकट करता येत नाही. कात्री ज्यांच्या हाती जाते ते 'गिधाडे' आणि 'कार्मागेडन' यांत फरक करतील, असा विश्वास वर दिलेल्या इतिहासातून निर्माण होत नाही. मुलांच्या हाती काय द्यावे याला मर्यादा असाव्यात, हे मान्यच आहे. परंतु ती मर्यादा ठरवताना उघड्या अंगाकडे पाहण्यात जेवढा वेळ जातो, त्यातील थोडा मारणाऱ्या हाताकडे आणि मार खाणाऱ्या माणसाकडे पाहण्यात जावा, इतके तरी मागता येईल.

हा प्रश्न लेखिकेच्या दृष्टीने केवळ वाचनाचा नाही. काही वर्षांपूर्वी एका युवा महोत्सवासाठी विद्यार्थ्यांनीच लिहिलेली एकांकिका बसवली होती. तीत नवरा गरोदर बायकोला लाथ मारतो आणि ती उठते तेव्हा तिच्या साडीवर डाग असतो, असा प्रसंग होता. तालीम पाहायला आलेल्या ज्येष्ठांनी समंजसपणे सुचवले, "मारामारी राहू द्या, ते डागाचं तेवढं काढा. मुली बसलेल्या असतात." निळ्या डागाची कल्पना आम्ही मांडून पाहिली, उगाच वाद नको, असे ठरले. ती हरकत मान्य करणारी प्रस्तुत लेखिकाच होती, हेही सांगायला हवे. बायकोची भूमिका करणाऱ्या मुलीने फक्त एकदा विचारले, की मग प्रेक्षकांना कळेल कसे? अभिनयातून कळेल, असे तिला उत्तर दिले.

प्रयोगाच्या दिवशी नवऱ्याने लाथ मारली तेव्हा सभागृहाच्या मागच्या भागातून शिट्टी आली आणि हशा पिकला. मुलगी पोट धरून उठली, साडी स्वच्छ होती, आणि हशा तिच्या पुढच्या तीन वाक्यांपर्यंत चालू राहिला.